नव्या लेफ्टनंट साहेबांना सुभेदार हवाच

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, अर्धी वाचून लाईक ठोकू नका. आणि सुरुवातीलाच सांगतो, ही बाहेरची बातमी नाही, माझ्या घरातलीच गोष्ट आहे. बहिणीला विचारून लिहितोय. भाच्याला विचारलेलं नाही, तो वाचेल तेव्हा फोन करेलच.

मागच्या वर्षी जूनमध्ये आमचा भाचा लेफ्टनंट झाला. बारावीनंतर खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं, मग डेहराडूनच्या आयएमएमध्ये एक वर्ष. पासिंग आऊट परेडला ताई-दाजी गेले होते. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिलं. पोराच्या खांद्यावर दोन स्टार लावताना तिचे हात इतके थरथरत होते म्हणे, की शेजारच्या कुणा बाईनं मदत केली. दौंड तालुक्यातल्या भीमेकाठच्या गावातलं, उसात वाढलेलं पोरगं. आनंद कुणाला होणार नाही?

मग गावात सत्कार ठरला. आता आपल्याकडे सत्कार कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. न्हावरा-चौफुला रस्त्यापासून गावापर्यंत फ्लेक्स. त्यावर भाच्याचा गॉगल लावलेला फोटो, खाली ‘भावी जनरल’ आणि शुभेच्छुकांचे चाळीस पासपोर्ट फोटो. उघडी जीप, पुढे डीजे, वेशीपाशी दोन जेसीबी, आणि त्यांच्या बकेटमधून फुलांचा पाऊस. माझ्याकडे काम होतं बातमीचं आणि सूत्रसंचालनाचं. ‘भीमेचा वाघ’ हा मथळा मीच दिला होता. फ्लेक्सवरचा मजकूरही माझाच. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना विशेषणं जपून वापरा असं शिकवलं होतं, ते मी त्या दिवशी गुंडाळून ठेवलं.

गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली. शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार म्हणून घरी आले. आता दीड एकर ऊस, दोन म्हशी आणि पहाटे गावातल्या भरतीच्या पोरांना रस्त्यावर पळवणं, एवढाच उद्योग. त्या दिवशी आप्पा कोटावर पदकं लावून आले होते. खुर्ची तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकची. स्टेजवर सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे एक संचालक, दोन अकॅडमीवाले आणि मी.

हारतुरे झाल्यावर आप्पा पुढे आले. सावधान होऊन कडक सॅल्यूट ठोकला. “जयहिंद साब.” त्यांच्या वयाच्या निम्म्यानंही नसलेल्या पोराला. सगळा मांडव गप्प झाला होता. भाच्यानं मोबाईल या हातातून त्या हातात घेतला, मान हलवली आणि हसून म्हणाला, “काय आप्पा, तुमच्या वेळची आर्मी राहिली नाही आता. सगळं टेक्निकल झालंय.”

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. भाषणात म्हणाला, “जवानाला हुकूम लागतो, डोकं ऑफिसरला लावावं लागतं. मी पोरांना सांगतो, शिपाई व्हायची स्वप्नं बघू नका, ऑफिसर व्हा.” टाळ्या पडल्या. समोर दहा-बारा पोरं अशी बसली होती, की जी पहाटे चारला उठून आप्पांच्या मागे पळतात आणि ज्यांच्या घरच्यांची झेप शिपाई भरतीच्या पुढे जात नाही. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माईक काखेत धरून. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जेवायला थांबले नाहीत.

ताईच्या घरात त्या रात्री कुणी काही बोललं नाही. दाजी तेवढे म्हणाले, “पोराच्या डोक्यात हवा गेलीय.” ताई म्हणाली, “भरली कुणी?” आणि माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांकडे गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, पण तोंडातून निघेना. आप्पा म्हशीची धार काढत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “पोरगं वाईट नाय. त्याला अजून सुभेदार भेटला नाय, एवढंच.”

मग दोन तास बसलो. वीस वर्षं या दोन तालुक्यांत बातमीदारी करतोय. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला माजी सैनिकांच्या रांगेचे फोटो काढतो, नावं लिहून घेतो आणि निघतो. सुभेदार म्हणजे नक्की काय असतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सैन्यात खाली शिपाई, नाईक, हवालदार. वर लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल. या दोहोंच्या मधे एक थर आहे, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये त्यांनाच रिसालदार म्हणतात. जुने शब्द आहेत, इंग्रजांच्याही आधीचे, शिवकाळातल्या कागदांतही सापडतील. हा माणूस शिपायापासून वीस-बावीस वर्षं चढत आलेला असतो. हुद्द्यानं तो बावीस वर्षांच्या लेफ्टनंटच्या खालीच. सॅल्यूट त्यानंच करायचा. पण लेफ्टनंटनं त्याला हाक मारायची ती ‘साब’ म्हणूनच. नुसत्या आडनावानं नाही, ‘अरे’ तर नाहीच नाही. म्हणजे दोघं एकमेकांना साहेब म्हणतात. एकाच्या खांद्यावर हुकुमाचा अधिकार, दुसऱ्याच्या पाठीशी दोन तपांची नोकरी. आप्पांना मी विचारलं, मग खरा साहेब कोण? आप्पा हसले. “ते दोघांनीबी नाय ठरवायचं. पलटण ठरवती.”

नवा अधिकारी पलटणीत येतो तेव्हा काय करतात, तेही त्यांनी सांगितलं. बऱ्याच पायदळ पलटणींत त्याला आल्या आल्या ऑफिसर मेसमध्ये घेतच नाहीत. काही आठवडे जवानांच्या बरॅकमध्ये खाट, जवानांच्या लंगरमध्ये जेवण, सकाळची पीटी त्यांच्याबरोबर, संध्याकाळचा रोल कॉल त्यांच्याबरोबर. हत्यार खोलायला-जोडायला शिकवणार हवालदार. साहेबाला चूक झाली तर हवालदार परत करायला लावणार, “फिर से, साब.” आणि सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे प्लॅटूनमधल्या तीस-पस्तीस पोरांची नावं. नुसती नावं नाहीत. गाव कुठलं, लग्न झालंय का, घरी आजारी कोण, जमिनीचा खटला कुणाचा चालू आहे, रजा कधीपासून मिळाली नाही, रात्री खाटेवर रडतं कोण. आप्पा महिनाभरानं नव्या साहेबाला बाजूला घेऊन विचारायचे, “साब, तिसऱ्या सेक्शनमधला तो कोल्हापूरचा पोरगा आठवडाभर नीट जेवत नाही. का?” साहेबाला उत्तर आलं नाही तर आप्पा काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायचे.

आणि उद्धट निघाला तर? मी विचारलं.

“सगळेच निघतात. चार वर्षं ज्याला सांगितलंय तू पुढारी, तू पुढारी, तो काय हात जोडून येणार हाय व्हय? हवंच ते थोडं. डोळे खाली घालून चालणारा साहेब काय कामाचा?”

मग एक प्रसंग सांगितला. जागा मी लिहीत नाही, बर्फाळ भाग होता एवढंच. नवा लेफ्टनंट, गस्तीचा पहिलाच महिना. नकाशा बघून म्हणाला, या उतारावरून जाऊ, दोन तास वाचतील. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, बर्फ सैल झालेला. आप्पांना दिसत होतं की हा उतार घसरणार. मागे बारा जवान उभे. आप्पा तिथे ‘नाही’ म्हणाले नाहीत. म्हणाले, “साब, पोरांना पाच मिनिटं पाणी पिऊ द्या, तोवर नकाशा मला जरा दाखवा.” बाजूला नेलं आणि सांगितलं, काय धोका आहे ते. लेफ्टनंट चिडला, म्हणाला, मी ऑफिसर आहे. आप्पा म्हणाले, “म्हणूनच तुम्हाला सांगतोय साब, त्यांना नाही. हुकूम तुमचाच जाईल.” लेफ्टनंट परत आला आणि जवानांना म्हणाला, जुन्याच वाटेनं जायचं. जवानांना वाटलं साहेबांनीच ठरवलं. त्या उताराचं पुढे काय झालं, हे आप्पांनाही माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसेल. त्या लेफ्टनंटचा मात्र आजही दर दिवाळीला फोन येतो. आता तो कर्नल आहे.

“जवानांपुढं साहेबाचा मान राखायचा आन् तंबूत साहेबाचा कान धरायचा. उलटं केलं की दोघंबी कामातून गेले,” आप्पा म्हणाले.

आपल्याकडे म्हण आहे, कान सोनारानंच टोचावेत. तिचा अर्थ मला त्या गोठ्यात नीट कळला. आपण सगळे जण टोचायला जातो, दाभण घेऊन. किंवा माझ्यासारखे टोचायच्या ऐवजी कानात फुंकर मारतो.

इथे काही जण म्हणतील, बातमीदार, तुम्ही आत्मविश्वासालाच उद्धटपणा म्हणताय. मला तसं म्हणायचं नाही. शिरूरपासून तासाभरावर नगरला आर्मर्ड कोअरचं ट्रेनिंग सेंटर आहे. नव्या लेफ्टनंटांना रणगाड्यांचा कोर्स तिथे करावा लागतो. १९७१ साली तिथे एक एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट तो कोर्स करत होता, अरुण खेत्रपाल. जूनमध्ये कमिशन मिळालेलं, रेजिमेंट पूना हॉर्स. युद्धाची चिन्हं दिसली आणि कोर्स अर्धवट सोडून त्याला बोलावणं आलं. असं सांगतात की त्यानं सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेसचा समारंभी गणवेश भरला. कशाला, तर लाहोरला गोल्फ खेळायचा आणि जिंकल्यावर मेजवानी तर होईलच! आता याला काय म्हणाल? आमच्या गावात ‘लई शाना’ म्हणाले असते. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्याच्या रणगाड्याला आग लागली. वायरलेसवरून हुकूम आला, रणगाडा सोड. त्यानं सोडला नाही, तोफ अजून चालते म्हणाला. तिथेच गेला. परमवीरचक्र.

पण त्या रणगाड्यात तो एकटा नव्हता. चालक प्रयाग सिंग होता, तोफेवर नत्थू सिंग होता, तिसरा नंद सिंग. नंद सिंगही तिथेच गेला. एका लोखंडी डब्यात चार माणसं, आणि त्यातल्या तिघांनी पोराबरोबर थांबायचं की नाही, याचा निकाल खांद्यावरच्या फुलीवर लागत नाही. शिवाय वर कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग, ज्यांना लोक पुढे संत म्हणायला लागले इतके कडक आणि साधे. पोराची गोल्फची हौस चालून गेली, कारण त्याच्या वर आणि खाली अशी माणसं होती.

आणि पूना हॉर्सचं म्हणाल तर, ती कुणी परकी नाही. तिची मुळं १८१७ पर्यंत जातात. तेव्हा आपल्या शिरूरला, म्हणजे त्या वेळच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला काय झालं, ते महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. त्या तुकडीबरोबर जे घोडेस्वार होते, त्यांचा वारसा पूना हॉर्स सांगते. थोडक्यात काय, सैन्य आपल्या दारात दोनशे वर्षांपासून आहे आणि सुभेदार आपल्या घरात त्याहून आधीपासून. आपल्यालाच तो दिसत नाही.

दुसरं नाव रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार झाले, जमादार झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि पाडलेली झाडं दूर करत रणगाड्यांना वाट करून दिली, जखमी असताना. एका ठिकाणी तर चालत्या रणगाड्याच्या खाली सरपटत, दोरीनं चालकाला खूण करत पुढे गेले. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालं. या माणसाला वेगळा सुभेदार द्यायची गरज नव्हती, सुभेदारकी त्याच्या अंगातच मुरलेली होती. खेत्रपालांनी सहा महिन्यांत जे केलं, त्याला राण्यांनी आठ वर्षं घेतली. दोन्ही वाटा चांगल्या. पण सरळ वरून उतरणाऱ्यांची वाट जास्त घसरडी आहे, म्हणून तिला आधार जास्त लागतो. आता तर मुलीही या वाटेवर आल्यात. २०२५ च्या मे अखेरीस एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांच्याही गावांत फ्लेक्स लागले असणारच.

सैन्यात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. आप्पाही म्हणत नाहीत. सहायक म्हणून दिलेल्या जवानाला घरचा बाजार आणायला, कुत्रं फिरवायला लावणारे साहेब त्यांनीही पाहिलेत. त्यावर संसदेच्या समितीनंही बोट ठेवलं होतं. आणि मधला धागा तुटला की काय होतं, तेही देशानं पाहिलंय. मे २०१२ मध्ये लडाखमधल्या न्योमाला एका तोफखाना रेजिमेंटमध्ये अधिकारी आणि जवान यांच्यात उघड हाणामारी झाली. भारतीय सैन्यात! चौकशा झाल्या, कोर्ट मार्शल झालं. त्याची सगळी कारणं एका पोस्टमध्ये मावणार नाहीत आणि निकाल द्यायला मी कोणी नाही. पण ती बातमी निघाल्यावर आप्पांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. ते एवढंच म्हणत होते, “सुभेदार मेजर काय करत होता?” कर्नल काय करत होता, असं नाही विचारलं त्यांनी.

आता मुद्द्याचं. सैन्यानं आपल्या नव्या साहेबांसाठी, कमी-जास्त का होईना, एक व्यवस्था ठेवलीय. आपण बाकीच्यांनी काय ठेवलंय?

दौंडला राज्य राखीव पोलिस दलाचे दोन गट आहेत, पाच नंबर आणि सात नंबर. नानवीजला पोलिस प्रशिक्षण केंद्र आहे. दोन्ही तालुक्यांतून दरवर्षी पोरं-पोरी एमपीएससी काढतात, फौजदार होतात, नायब तहसीलदार होतात. त्यांचेही असेच सत्कार, अशाच जीपा. मग ते कुठल्यातरी कचेरीत जाऊन बसतात. समोर तीस वर्षं नोकरी केलेला अव्वल कारकून उभा असतो, ज्याला फेरफाराचं प्रत्येक कलम आणि गावातली प्रत्येक भाऊबंदकी पाठ आहे. ठाण्यात जुना हवालदार असतो, ज्याला कुठल्या वस्तीवर कुठल्या शब्दानं भांडण मिटतं ते माहीत आहे. नवा साहेब त्याला काय म्हणतो? मी कानांनी ऐकलेलं सांगतो, “ए, इकडे ये.” वय अठ्ठावन्न. आणि तो हवालदार तंबूत नेऊन कान धरू शकत नाही, कारण त्याला तो हक्कच कुणी दिलेला नाही. धरला तर बदली.

२०२४ साली पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आलेल्या एका शिकाऊ आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं. खासगी गाडीवर दिवा, स्वतंत्र दालनाची मागणी, असे आरोप होते. पुढे आयोगानं निवडच रद्द केली, ती कारणं वेगळी आणि प्रकरण कोर्टात. माझा मुद्दा त्या एका व्यक्तीचा नाही. तेव्हा आम्ही पत्रकारांनी पंधरा दिवस त्या गाडीचे फोटो छापले. त्याच महिन्यात माझ्याच पोर्टलवर तीन नव्या अधिकाऱ्यांच्या मिरवणुकीच्या बातम्या होत्या, त्यातली एक जीप तर विनानंबरची होती. ते मला आत्ता लिहिताना आठवलं.

उद्धटपणा डेहराडूनला तयार होत नाही हो. तिथे चार भिंतींवर उलटंच लिहिलंय. फील्ड मार्शल चेटवुड यांनी १९३२ ला अकादमीच्या उद्घाटनात सांगितलेला क्रम तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असतो, आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि स्वतःचं सुख कायम सगळ्यात शेवटी. भाच्यालाही पाठ आहे, झोपेत म्हणेल. पण तो घरी आला आणि आपण त्याला तीन तासांत क्रम उलटा करून दिला. आधी जीप, मग स्टेज, आणि जवान तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. बावीस वर्षांचं पोरगं. तुम्ही-आम्ही त्या वयात असतो तर काय केलं असतं? मला पहिल्यांदा प्रेस कार्ड मिळालं तेव्हा मी एसटीच्या कंडक्टरला ते दाखवून सीट मागितली होती. त्यानं दिली नाही. तो माझा सुभेदार म्हणायचा.

भीमथडीच्या घोड्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. जुन्या काळी शिंगरू उमदं निघालं की मालक त्याला लगेच लढाईला नेत नसे, आधी चाबुकस्वाराकडे द्यायचा. चाबुकस्वार नावाला चाबूक बाळगायचा. फार मारलं तर घोडं दबतं, मग ते तोफेच्या आवाजाला उभं राहत नाही. हे मी आप्पांना ऐकवलं तर म्हणाले, बरोबर हाय, असेबी साहेब पाहिलेत, ज्यांना वरच्यांनी इतकं रगडलं की पुढे जन्मभर निर्णयच घेता आला नाही. एकाला तर सही करतानाबी मागं बघायची सवय लागली होती.

आणखी एक गोष्ट आप्पांना काळजीची वाटते. २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षांची नोकरी, त्यातले पाव टक्के नाही, पाव हिस्सा पुढे कायम होणार. मी त्या योजनेच्या बाजूनं-विरुद्ध इथे भांडत नाही, त्यासाठी वेगळी पोस्ट लिहीन. पण नव्या लेफ्टनंटच्या हाताखाली आता नवीच पोरं जास्त येणार. साहेबही नवा, शिपाईही नवा. अशा वेळी मधला माणूस जास्त महत्त्वाचा होतो. आणि सुभेदार काही कारखान्यात तयार होत नाही, वीस वर्षं लागतात.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, आणि हे मी दोन्ही तालुक्यांतल्या माजी सैनिक संघटनांना, अकॅडमीवाल्यांना आणि आमच्या पत्रकार मित्रांना उद्देशून लिहितोय. कुणाचा मुलगा-मुलगी अधिकारी झाली की सत्कार जरूर करा. पण त्याआधी एक दिवस त्याला गावातल्या निवृत्त सुभेदाराच्या, हवालदाराच्या ओट्यावर बसवा. स्टेजशिवाय, कॅमेऱ्याशिवाय. अकॅडमीवाल्यांनी पळायला आणि गणितं सोडवायला शिकवता तसं महिन्यातून एकदा या लोकांना वर्गावर बोलवा, मानधन देऊन, फुकट नाही. फौजदार झालेल्यांनी जुन्या जमादाराकडे जा, नायब तहसीलदारांनी निवृत्त अव्वल कारकुनाकडे. आणि स्टेजवरची पहिली खुर्ची संचालकाला न देता त्यांना द्या. संचालक रागावतील. रागावू देत.

माझ्यापुरतं सांगतो, ‘वाघ’, ‘भावी’ वगैरे मथळे मी बंद केलेत. जाहिरात थोडी कमी झाली, खोटं कशाला बोलू.

भाच्याचं काय झालं, असं तुम्ही विचारणारच. थंडीत पंधरा दिवस सुट्टीवर आला होता. बदलून साधू होऊन आला असं काही नाही. पाटसच्या टोलनाक्यावर कार्ड दाखवून वाद घातलाच त्यानं, मी शेजारी बसलेलो. आप्पांकडे गेला का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. वजन मात्र उतरलंय आणि बोलणं कमी झालंय. खिशात एक छोटी वही असते, तारा बांधलेली, कोपरे दुमडलेली. ताईनं धुवायला कपडे घेतले तेव्हा तिच्या हातात आली. आत पस्तीस-छत्तीस नावं, पुढे गावं, पुढे बारीक अक्षरात काहीबाही. एका नावापुढे ‘आई, डायलिसिस’ एवढंच.

आणि एका रात्री आम्ही अंगणात शेकोटीला बसलो असताना त्याचा फोन वाजला. बोलायला लागला आणि बोलता बोलता खाटेवरून उठून उभा राहिला. मला वाटलं, कर्नलसाहेबांचा असेल. ऐकलं तर, “हां जी सुभेदार साब. नहीं साब, गलती मेरी थी. जी साब.” फोन ठेवला आणि परत बसला. दाजींनी काटक्या पुढे सारल्या.

तुमच्या गावात असे निवृत्त सुभेदार, हवालदार असतील आणि पोरांशी बोलायची त्यांची तयारी असेल, तर मला कळवा. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांची यादी करतोय. आप्पांचं नाव पहिलं घातलंय. त्यांनी अट घातलीय, हार नको आणि फोटो नको. चहा चालेल म्हणाले.